रुपया घसरला की लिंकवाल्याचं फावतं का?

२०२५ च्या डिसेंबरात डॉलरनं नव्वदी ओलांडली. पेट्रोल महागणार, खत महागणार, अशी टीव्हीवर चर्चा चालू होती. पण दारव्हा, मोर्शी, चिखलीसारख्या तालुक्यांत अशीही काही पोरं आहेत जी घरी बसून परदेशी कंपन्यांचं कमिशन डॉलरमध्ये कमावतात. त्यांना शेजारीपाजारी वेगळंच विचारतात : "डॉलर चढला म्हणते, मंग तुही कमाई चढली असन ना?"

चढली, पण शेजाऱ्याला वाटते तेवढी नाही आणि वाटते तितके दिवसही नाही.

आधी धंदा थोडक्यात सांगतो. एखाद्या कंपनीला माल विकायचा असतो : वेबसाइटसाठी होस्टिंग (म्हणजे वेबसाइट इंटरनेटवर ठेवायची भाड्याची जागा), एखादं सॉफ्टवेअर, ऑनलाइन कोर्स, नाहीतर साधं कॉफीचं मशीन. या कंपनीला स्पॉन्सर म्हणतात. ती तुम्हाला तुमच्या नावाची एक लिंक देते. तुम्ही ती लेखात, व्हिडिओखाली किंवा टेलिग्रामवर टाकता. त्या लिंकवरून कोणी खरेदी केली की तुमच्या खात्यात कमिशन जमा होतं. तुम्ही झालात अ‍ॅफिलिएट, म्हणजे आपल्या भाषेत लिंकवाले. अ‍ॅमेझॉननं आपली अशी योजना १९९६ मध्ये अमेरिकेत सुरू केली आणि पुढे हजारो कंपन्यांनी ती उचलली. दुकान, गोदाम, उधारी यातलं काहीच नको. बरा मोबाइल, जमलं तर लॅपटॉप, आणि तासन्‌तास बसायची तयारी असली की झालं. त्यामुळे गावात राहून करता येण्यासारख्या कामांत याचा नंबर वरचा आहे.

आता चलनाची भानगड. विदर्भातल्या माणसाला ती खरं तर नवी नाही. कापसाचा भाव आर्वीच्या किंवा वणीच्या मार्केटात ठरतो असं वरवर दिसतं. पण न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव एका पौंड वजनाला इतके सेंट असा चालतो. त्याला डॉलरच्या दरानं गुणलं की इथल्या खंडीचा, म्हणजे ३५६ किलो रुईचा, अंदाज बसतो. त्यात देशातली मागणी, आयातशुल्क, हमीभाव हे सगळं मिसळतं. मग जिनवाला आपला खर्च आणि नफा काढून क्विंटलचा भाव सांगतो. रुपया घसरला तर कागदावर शेतकऱ्याला जास्त मिळायला हवं. पण दिवाळीच्या आधी उधारी फेडायची म्हणून ज्यानं खेडा खरेदीवाल्याला अंगणातच कापूस मोजून दिला, त्याच्या हाती त्यातलं काही लागत नाही. ज्याच्या घरात खोलीभर कापूस ठेवायला जागा आहे आणि फेब्रुवारीपर्यंत दम धरायची ऐपत आहे, त्याला थोडंफार मिळतं. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडकला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला लिव्हरपूलकडून सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं आणि भाव आपटला. दूरच्या बाजारातली चढउतार इथपर्यंत पोचते खरी, पण तिचा नफा कोणाच्या खिशात जातो हे मधली माणसं आणि त्यांची घाई ठरवतात.

लिंकवाला आणि स्पॉन्सर यांचं नातं याच जातीचं आहे. फरक एवढाच की इथे काटा, भाव आणि हिशोबाची वही तिन्ही स्पॉन्सरच्या हातात असतात.

एक हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत. एका पोराला दर विक्रीमागे ४० डॉलर मिळतात आणि महिन्याला २५ विक्र्या होतात. म्हणजे १००० डॉलर. डॉलर ८३ ला होता तेव्हा त्याचे ८३,००० रुपये झाले, ९० ला गेला तेव्हा ९०,०००. शेजाऱ्याच्या हिशोबानं सात हजारांचा फायदा. पण पैसा आणणाऱ्या काही पेमेंट सेवा डॉलरचे रुपये करताना बाजारभावापेक्षा तीन-चार टक्के कमी देतात. साडेतीन टक्के धरा. शिवाय होस्टिंग, ईमेल पाठवायचं सॉफ्टवेअर, थोडी जाहिरात असा ३०० डॉलरचा खर्चही डॉलरमध्येच जातो. हे वजा केल्यावर आधी हातात ५५,१९५ रुपये राहत होते, आता ५९,८५० राहतात. चर्चा सात हजारांची झाली, वाढले साडेचार हजारांच्या थोडे वर.

आणि आता स्पॉन्सरनं मेल पाठवून कमिशन ४० वरून ३६ डॉलर केलं असं समजा. ९०० डॉलर, गुणिले ९०, वजा तेच खर्च. हातात ५१,१६५ रुपये राहतात. म्हणजे रुपया सात रुपयांनी घसरूनसुद्धा हा पोरगा आधीपेक्षा चार हजारांनी खाली आला. उद्या रुपया सावरला तर स्पॉन्सर ते चार डॉलर परत देणार नाही. दर वर-खाली होत राहतो, पण कमी केलेलं कमिशन बहुधा तिथेच राहतं.

असा मेल येतो का? २०२० च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमेझॉननं अमेरिकेतल्या अ‍ॅफिलिएटांचे दर कापले. फर्निचर आणि घरदुरुस्तीच्या सामानाचं कमिशन ८ टक्क्यांवरून ३ वर आलं, किराण्याचं ५ वरून १ वर. १४ एप्रिलला कळवलं आणि २१ पासून लागू केलं. एक आठवडा. त्यात चलनाचा काही संबंध नव्हता, टाळेबंदीचे दिवस होते. पण कोणाचा हात वर आहे ते यातून दिसतं. बहुतेक करारांमध्ये 'कंपनी दर केव्हाही बदलू शकते' हे वाक्य असतंच, आणि बहुतेकजण ते न वाचता 'मान्य आहे' दाबतात.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या कंपनीला आपल्या रुपयाचं काय पडलंय? खरं आहे, तिथला मॅनेजर सकाळी उठून रुपयाचा दर बघत नाही. पण त्याच्याकडे अर्ज येतात, ते तो बघतो. २०२३ च्या जूनच्या सुरुवातीला नायजेरियात एका डॉलरला ४७० च्या आसपास नायरा मिळत होते, २०२४ च्या फेब्रुवारीत १५०० च्या वर. लागोसच्या पोराला २० डॉलरसुद्धा अचानक मोठे वाटू लागले. चांगलं इंग्रजी लिहिणारा तो पोरगा आणि दारव्ह्याचा पोरगा एकाच स्पॉन्सरच्या दारात उभे आहेत. ज्या देशाचं चलन जास्त घसरतं तिथला माणूस कमी डॉलरवर राजी होतो, आणि स्पॉन्सरला 'इतक्यात काम होतं' हे कळतं. चलन घसरल्याचा फायदा असा हळूहळू कमिशनच्या दरातून स्पॉन्सरकडे सरकतो. कोणी मुद्दाम केलेलं नसतं, म्हणून भांडावं तरी कोणाशी?

हे सगळ्यांना सारखं लागू होत नाही, हेही सांगायला हवं. ज्याच्याकडे अमेरिकेतला ठरावीक वाचक आहे, समजा शेतीच्या ड्रोनविषयी वाचणारे तिथले मोठे शेतकरी, त्याला स्पॉन्सर सहज बदलू शकत नाही. त्याचा फायदा टिकतो. जो इतर हजार जणांसारखेच 'दहा उत्तम होस्टिंग' लिहितो, त्याचा टिकत नाही.

उलटी बाजूही पाहू, कारण रुपया कायम घसरतच असतो असं नाही. २००७ च्या सुरुवातीला डॉलर ४४ च्या आसपास होता, वर्षाअखेरीस तो ३९ च्या थोडा वर उरला होता. तेव्हा परदेशात माल पाठवणारे तिरुपूरचे बनियनवाले आणि बंगलोरच्या सॉफ्टवेअर कंपन्या ओरडत होत्या. युरोपातल्या लिंकवाल्यांनी तर हे फार मोठ्या प्रमाणावर सोसलं. २००० च्या ऑक्टोबरात एक युरो ८३ सेंटांना मिळत होता, २००८ च्या जुलैत त्यालाच १ डॉलर ६० सेंट पडत होते. अमेरिकी कंपनीकडून महिन्याला १००० डॉलर घेणाऱ्या जर्मन किंवा डच माणसाचे १२०० युरो होत होते, ते सव्वासहाशेवर आले. काम तेवढंच, विक्री तेवढीच, पगार अर्धा.

आणि खरी मेख इथे आहे. त्यातल्या काही स्पॉन्सरांची गिऱ्हाइकंही युरोपातली असली तर? गिऱ्हाइकानं महिन्याला ३० युरो भरले. २००० मध्ये कंपनीला त्याचे २५ डॉलर मिळत होते, २००८ मध्ये ४८. लिंकवाल्याला मात्र दर गिऱ्हाइकामागे तेच ठरलेले डॉलर. वाढलेले सगळे डॉलर स्पॉन्सरच्या खिशात, आणि लिंकवाल्याच्या हातात त्याच डॉलरचे कमी युरो. विकणारा युरोपातला, घेणारा युरोपातला, फक्त मधली वही डॉलरमध्ये लिहिलेली. नुसत्या त्या वहीमुळे नफा एकाकडे गेला आणि तोटा दुसऱ्याकडे.

म्हणून कमिशन ठोक आहे की टक्केवारीनं, हा प्रश्न चलनाच्या बाबतीत फार महत्त्वाचा. ठोक म्हणजे दर विक्रीमागे ठरलेली रक्कम. गिऱ्हाइकाचं चलन घसरलं तर फटका स्पॉन्सरला, वधारलं तर फायदाही त्यालाच. टक्केवारीत दोघंही एका होडीत बसतात. त्यामुळे गिऱ्हाइकाचं चलन घसरायला लागलं की स्पॉन्सरला टक्केवारी आवडायला लागते. जपानचा येन २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला ११५ होता, २०२४ च्या मध्यात १६० च्या पार गेला. जपानी गिऱ्हाईक आणणाऱ्याला ठोक डॉलर देत राहणं कोणत्याही कंपनीला तेव्हा जड जाणार. अशा काळात 'आता आम्ही सगळ्यांना टक्केवारीवर नेतोय, यात तुमचाच दीर्घकाळ फायदा आहे' असा गोड मेल आला, तर आधी कंपनीचं गिऱ्हाईक कोणत्या देशातलं आहे आणि त्या देशाच्या चलनाचं काय चाललंय ते बघा.

वेळेचाही मुद्दा आहे. विक्री आज होते, पैसे नंतर येतात. अ‍ॅमेझॉनचे अमेरिकेतले पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी निघतात. गिऱ्हाइकानं माल परत केला तर कमिशन कापता यावं, हे त्यामागचं कारण, आणि ते रास्तही आहे. पण त्या दोन-तीन महिन्यांत चलन कुठल्या कुठे जाऊ शकतं. ब्रिटननं २३ जून २०१६ ला युरोपीय संघातून बाहेर पडायचं ठरवलं. त्या दिवशी पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता, ऑगस्टात ८८ च्या आसपास. २३ जूनलाच लंडनच्या गिऱ्हाइकाला काही विकून पौंडात कमिशन कमावलेल्या माणसाचे शंभरातले बारा रुपये नुसते वाट बघण्यात गेले. चलन उलट्या बाजूला गेलं असतं तर फायदा झाला असता, हे कबूल. पण ती वाट बघायची की नाही हे त्यानं ठरवलेलं नव्हतं.

आता मराठीत लिहिणाऱ्यांचं. आपल्याकडे बऱ्याच पोरांची सुरुवात मराठी वेबसाइट आणि तिच्यावर जाहिराती दाखवून पैसे देणाऱ्या गुगलच्या अ‍ॅडसेन्सनं होते : सरकारी योजना, भरती, बाजारभाव, पीकविमा. हे अ‍ॅफिलिएटचं काम नाही, पण चलनाचं गणित चांगलं दाखवतं. खात्यात आकडा डॉलरमध्ये दिसतो, म्हणून वाटतं की डॉलर चढला म्हणजे आपलं भलं झालं. पण वाचक कोण? वाशिमचा, अकोटचा, पुसदचा. त्याला दिसणारी जाहिरात बहुतेक भारतीय कंपनीची, तिनं पैसे भरले रुपयात. त्या रुपयांचे डॉलर होतात, आणि ते डॉलर तुमच्या बँकेत येताना पुन्हा रुपये होतात. रुपया घसरला तर मधला डॉलरचा आकडा कमी दिसतो आणि शेवटी रुपये जवळपास तेवढेच मिळतात, वरून बदलाबदलीचा खर्च. शिवाय अ‍ॅडसेन्सवर किमान १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत. डॉलर ६० ला होता तेव्हा सहा हजार रुपयांची कमाई झाली की पैसे सुटत होते. डॉलर ९० ला गेल्यावर नऊ हजारांपर्यंत थांबावं लागतं. नव्या, लहान वेबसाइटवाल्याचे पैसे तेवढे जास्त महिने अडकून राहतात. म्हणजे घसरलेला रुपया या पोराला मदत करत नाही, उलट त्याचा पगार लांबवतो. डॉलरमध्ये दिसणारी कमाई आणि डॉलरची कमाई यांत हा एवढा फरक आहे, आणि गावातल्या गावात 'माझे डॉलर आले' म्हणणाऱ्या अनेकांना तो माहीत नसतो.

भारतीय स्पॉन्सर रुपयात कमिशन देत असेल तर प्रश्नच मिटला, असंही नाही. त्या कंपनीचे सर्व्हर किंवा सॉफ्टवेअरचे परवाने परदेशातून येत असतील तर रुपया घसरल्यावर तिचा खर्च वाढतो. गिऱ्हाइकाला लगेच भाव वाढवून सांगितला तर गिऱ्हाईक पळतं, म्हणून ती कात्री आधी कुठे चालेल ते सांगायला नको. तुमच्या करारात डॉलर नसतो, तरीही तो तुमच्या कमिशनपर्यंत येऊन पोचतो.

मग लिंकवाल्याच्या हातात काय आहे? पहिलं म्हणजे तीन गोष्टी सही करण्याआधी विचारून घेणं : पैसे कोणत्या चलनात, कोणत्या दिवशीच्या दरानं, आणि तो दर कोणाचा. स्पॉन्सरनंच रुपये करून पाठवले तर दर त्याचा किंवा त्याच्या पेमेंट कंपनीचा. डॉलर थेट बँकेत आले तर दर बँकेचा, ज्याला टीटी बाईंग म्हणतात. तोही बाजारभावापेक्षा कमीच, पण बोलून पैसा-दोन पैसे वाढवून घेता येतात. इथे गावाची एक अडचण येते. जिल्हा मध्यवर्ती बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या खात्यात परदेशी पैसा सहसा थेट येत नाही. राष्ट्रीयीकृत बँकेतही परदेशातून पैसे घ्यायला लागणारा स्विफ्ट कोड सगळ्या शाखांना नसतो, त्यामुळे पैसा नागपूर किंवा अमरावतीच्या शाखेमार्फत वळवावा लागतो. तालुक्याच्या शाखेतला साहेब 'पर्पज कोड' (पैसा कशापोटी आला ते सांगणारा कोड) ऐकून चमकला तर रागावू नका, त्याच्याकडे असा माणूस वर्षातून एखादाच येत असतो.

दुसरं, थांबायची सोय. परदेशी कमाई करणाऱ्याला बँकेत ईईएफसी खातं उघडता येतं. त्यात डॉलर डॉलर म्हणूनच राहतात, आणि रुपये कधी करायचे ते काही काळ तुम्ही ठरवता. व्याज मिळत नाही. आणि या महिन्यात आलेले डॉलर पुढच्या महिन्याच्या शेवटच्या तारखेपर्यंत मोडावेच लागतात, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. म्हणजे खोलीभर कापूस फेब्रुवारीपर्यंत ठेवण्याइतकी मुभा नाही, पण होस्टिंगसारखे डॉलरचे खर्च त्यातूनच भागवता येतात, दोनदा बदलाबदलीचा भुर्दंड वाचतो. महिन्याला शे-दोनशे डॉलर येणाऱ्यानं या फंदात पडू नये असं माझं मत आहे, कागदांचा ताप जास्त होतो.

तिसरं आणि सगळ्यात वजनदार : एकापेक्षा जास्त स्पॉन्सर, शक्य तर वेगवेगळ्या चलनांतले, आणि स्वतःचा वाचक. वाचकाचा ईमेल तुमच्याकडे असेल तर ३६ डॉलरचा मेल आल्यावर तुम्ही तोच वाचक दुसऱ्या कंपनीकडे नेऊ शकता. तो फक्त गुगलवरून किंवा फेसबुकवरून येत असेल तर नेणार काय? स्पॉन्सरही हे ओळखून असतो. पाचशे विक्र्या देणाऱ्याला तो फोन करून 'तुमचा जुना दर कायम ठेवतो' म्हणतो. पाच विक्र्या देणाऱ्याला फक्त मेल.

एका प्रस्तावापासून मात्र लांब राहावं. 'बँकेची कटकट नको, आम्ही यूएसडीटीमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेलं आभासी चलन) देतो, तो डॉलरच आहे' असं सांगणारे स्पॉन्सर टेलिग्रामवर ढीगभर भेटतात, आणि त्यांचं कमिशन संशय यावा इतकं जास्त असतं. अशा आभासी चलनातल्या नफ्यावर २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि व्यवहारावर १ टक्का टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापला जातो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यातले बरेच स्पॉन्सर पैसे लावून खेळायच्या अ‍ॅपवाले असतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात अशा खेळांची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. लिंक टाकणं हीसुद्धा जाहिरातच.

आणि मोठ्या झालेल्यांसाठी शेवटचं. परदेशी स्पॉन्सर कधी सुचवतो की यापुढे आमची भारतातली कंपनी तुम्हाला रुपयात पैसे देईल. चलनाची कटकट जाते, म्हणून ऐकायला बरं वाटतं. पण तुम्ही जीएसटीत नोंदलेले असाल तर परदेशी चलनात येणारी रक्कम सेवेची निर्यात धरली जाऊन त्यावर कर शून्य असू शकतो. भारतातल्या कंपनीचं बिल झालं की १८ टक्के जीएसटी लावावा लागतो आणि टीडीएस कापून पैसे येतात. तो जीएसटी स्पॉन्सर कमिशनच्या वर देणार की त्यातूनच कापणार, हे लेखी घेतल्याशिवाय हो म्हणू नका.